शेवटच्या कॉमाचा मालक एकच हवा: स्टाइलकॉप, प्रिटिअर, रफ आणि पीएचपी-सीएस-फिक्सरचा आढावा

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. कोडची मांडणी तपासायला आणि दुरुस्त करायला सी-शार्पसाठी स्टाइलकॉप ॲनालायझर्समधला एसए१४१३ हा नियम घ्या, जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टसाठी प्रिटिअर, पायथॉनसाठी रफचा फॉरमॅटर (मांडणी आपोआप बदलणारा भाग) आणि पीएचपीसाठी पीएचपी-सीएस-फिक्सर. चारही ओपन सोर्स आहेत, फुकट आहेत आणि ट्रेलिंग कॉमा, म्हणजे यादीतल्या शेवटच्या घटकानंतरचा कॉमा, आपोआप घालून देतात. अट एकच आहे. एका भाषेतला शेवटचा कॉमा एकाच साधनाच्या ताब्यात हवा. दोन साधनं त्याच कॉमावर हक्क सांगू लागली की एक घालतं, दुसरं काढतं आणि दर पुल रिक्वेस्टमध्ये (‘माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या’ या विनंतीत) कामाचा बदल शोधावा लागतो. ट्रेलिंग कॉमाबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या दुहेरी कारभारात असतं.

हा आढावा कोल्हापुरातल्या पाच-दहा जणांच्या टीम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इथलं काम मिश्र असतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचं ईआरपी सी-शार्पमध्ये, साखर कारखान्याच्या ऊसनोंदीचे रिपोर्ट पायथॉनमध्ये, चपलांच्या ऑनलाइन दुकानाची साइट पीएचपीत नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये, आणि हे सगळं तीच माणसं सांभाळतात. कॉलेजमधून नुकतं बाहेर पडलेलं पोरगं सकाळी एका भाषेत आणि दुपारी दुसऱ्या भाषेत हात घालतं. त्याला प्रत्येक रेपोत (कोडच्या साठ्यात) वेगळी शिस्त पाठ करायला लावण्यापेक्षा सगळीकडे एकच नियम ठेवावा: यादी अनेक ओळींची असेल तर शेवटी कॉमा, एका ओळीत असेल तर नाही. हे लक्षात ठेवायला सोपं आहे आणि त्यातला अनेक ओळींचा भाग चारही साधनं सांभाळतात.

कॉमा एवढा महत्त्वाचा का, ते फाउंड्रीच्या उदाहरणावरून पाहू. बीडाच्या ग्रेडचा एक एनम (ठरावीक नावांची यादी) आहे: एफजी २००, एफजी २२०, एफजी २६०, प्रत्येक ग्रेड वेगळ्या ओळीवर, एफजी २६० नंतर कॉमा नाही. आता एफजी ३०० वाढवायचा आहे. नवी ओळ एकच, पण डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) जुनी एफजी २६० ची ओळही बदललेली दिसते, कारण तिच्या शेवटी कॉमा घालावा लागला. रिव्ह्यू करणारा त्या ओळीत काय बदललं ते शोधत बसतो. पुढे कधीतरी कुणी गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) काढलं की एफजी २६० च्या ओळीवर ती ज्याने लिहिली त्याच्याऐवजी कॉमा घालणाऱ्याचं नाव येतं. ट्रेलिंग कॉमा आधीपासून असता तर डिफ एका ओळीचा झाला असता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ट्रेलिंग कॉमा असला की मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकत्र करताना येणारा अडथळा) होत नाही, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. दोन जणांनी दोन ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखांवर) यादीच्या शेवटी एकेक नवी ओळ घातली तर गिट कॉन्फ्लिक्ट दाखवणारच, कारण जागा तीच आहे. फरक सोडवण्यात पडतो. कॉमा असेल तर दोन्ही ओळी ठेवल्या की काम संपलं. नसेल तर मधल्या ओळीला कॉमा घालायचं लक्षात ठेवावं लागतं.

सी-शार्पमध्ये तो विसरला तर कंपायलर लगेच अडवतो. पायथॉन अडवत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांची यादी घ्या: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. शेवटच्या चंदगडनंतर कॉमा नाही. कुणीतरी रिपोर्टसाठी इचलकरंजी वेगळी हवी म्हणून खाली एक ओळ वाढवली. पायथॉन शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग (अवतरणातले मजकूर) मुकाट्याने जोडतं. यादीत तेरावं नाव येतच नाही. बारावं नाव ‘चंदगडइचलकरंजी’ होतं, प्रोग्राम चालतो, कुठेही एरर नाही. चंदगडचा ऊस रिपोर्टमधून गायब झाल्यावरच चूक कळते.

जावास्क्रिप्टमध्येही असाच एक खड्डा आहे. दरपत्रक ‘यादीत यादी’ अशा रूपात असेल, म्हणजे प्रत्येक ओळ चौकटी कंसात चपलेचा प्रकार आणि किंमत, आणि दोन ओळींमधला कॉमा राहिला, तर दुसरी ओळ पहिलीचा इंडेक्स समजली जाते. निकाल ‘अनडिफाइन्ड’. सिंटॅक्स बरोबर असल्यामुळे फाइल चालते आणि त्या दोन्ही ओळींचा माल दुकानातून गायब होतो. ईएसलिंट या जावास्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाच्या शिफारस केलेल्या संचातला ‘नो-अनएक्स्पेक्टेड-मल्टिलाइन’ हा नियम ही चूक पकडतो, म्हणून कॉमाची जबाबदारी दुसऱ्या साधनाकडे दिली तरी तो संच बंद करू नका.

आता साधनांकडे वळू, आणि सर्वांत जास्त वेळ स्टाइलकॉपला देऊ, कारण तिथे सेटिंग चुकायला जागा भरपूर आहे.

स्टाइलकॉप ॲनालायझर्स, एसए१४१३

नियमाचं काम सरळ आहे. ऑब्जेक्ट, कलेक्शन किंवा ॲरेचा इनिशियलायझर (सुरुवातीच्या किमतींची यादी), अनामिक ऑब्जेक्ट किंवा एनम अनेक ओळींचा असेल तर शेवटच्या घटकानंतर कॉमा मागायचा. मेथडला कॉल करताना सी-शार्प भाषाच शेवटचा कॉमा स्वीकारत नाही, त्यामुळे तिथे नियम लागू होत नाही. दुरुस्तीची सोय सोबत येते: व्हिज्युअल स्टुडिओत दिव्याच्या चिन्हावरून त्या फाइलपुरती, प्रोजेक्टपुरती किंवा पूर्ण सोल्यूशनभर.

पहिली निवड आवृत्तीची. नुगेटवर (डॉटनेटच्या पॅकेजच्या भांडारात) स्थिर म्हणून दिसणारी १.१.११८ ही २०१९ ची आहे. त्यानंतर भाषेत आलेल्या अनेक रचना तिला कळत नाहीत. १.२.० च्या बीटा आवृत्त्या नावाने बीटा असल्या तरी रोजच्या कामात सर्रास वापरल्या जातात, आणि स्विच एक्स्प्रेशनमधला शेवटचा कॉमाही त्या तपासतात. नवा कोड लिहिणाऱ्यांनी बीटाच घ्यावी. नुगेटच्या खिडकीत ‘प्रीरिलीज’वर खूण केल्याशिवाय ती दिसत नाही. आवृत्तीचा आकडा मात्र पक्का लिहून ठेवा, तारांकन टाकून ‘नवीन असेल ते’ मागू नका. नाहीतर एखाद्या सकाळी कुणी काहीही न बदलता बिल्डमध्ये नव्या वॉर्निंग उगवतात.

पॅकेज प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळं घालण्यापेक्षा सोल्यूशनच्या मुळाशी ‘डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स’ ही फाइल करून तिच्यात एकदाच लिहा आणि ‘प्रायव्हेट ॲसेट्स’ला ‘ऑल’ ही किंमत द्या. ती विसरली तर तुमची लायब्ररी वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोजेक्टवरही स्टाइलकॉप लादलं जाऊ शकतं.

दुसरा धक्का पॅकेज घातल्यावर लगेच बसतो. स्टाइलकॉपचे बहुतेक नियम मुळातच वॉर्निंग म्हणून चालू असतात. जुन्या ईआरपीवर पहिलीच बिल्ड हजारोंनी वॉर्निंग ओकते: डॉक्युमेंटेशन नाही, यूझिंगचा क्रम चुकला, नावं नियमात नाहीत. कॉमाची वॉर्निंग त्या ढिगात दिसतही नाही, आणि टीम दुपारपर्यंत पॅकेज काढून टाकते. त्यावर उपाय असा. एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये सी-शार्पच्या विभागाखाली स्टाइलकॉपच्या आठही प्रवर्गांना आधी ‘नन’ द्या: स्पेशल, स्पेसिंग, रीडेबिलिटी, ऑर्डरिंग, नेमिंग, मेंटेनेबिलिटी, लेआउट आणि डॉक्युमेंटेशन. ओळीचा साचा असा: ‘डॉटनेट_ॲनालायझर_डायग्नॉस्टिक.कॅटेगरी-स्टाइलकॉप.सीशार्प.लेआउटरूल्स.सेव्हेरिटी = नन’. मग त्याच विभागात एक ओळ वाढवा: ‘डॉटनेट_डायग्नॉस्टिक.एसए१४१३.सेव्हेरिटी = वॉर्निंग’. एका नियमाचं नाव घेऊन लिहिलेली ओळ प्रवर्गाच्या ओळीला मात देते, त्यामुळे फक्त कॉमाचा नियम जिवंत राहतो. बाकीचे नियम नंतर सवडीने एकेक करून चालू करता येतात.

स्टाइलकॉपची स्वतःची जेसन फाइलही असते. तिच्यात ट्रेलिंग कॉमाची सेटिंग शोधत बसू नका. या नियमाला उलट दिशा नाही, पर्याय नाहीत. चालू, बंद आणि किती कडक, एवढंच ठरवता येतं. ज्यांना शेवटचा कॉमा नकोच आहे किंवा एका ओळीतल्या यादीतूनही तो काढायचा आहे, त्यांनी रोझलिनेटर या दुसऱ्या ॲनालायझरचा आरसीएस१२६० पाहावा. त्यात ‘इन्क्लूड’, ‘ओमिट’ आणि ‘ओमिट_व्हेन_सिंगल_लाइन’ असे तीन पर्याय आहेत. लवचीकपणात रोझलिनेटर सरस आहे, हे मान्यच करायला हवं. तरीही आधीपासून स्टाइलकॉप असेल तर केवळ कॉमासाठी दुसरं पॅकेज आणू नये. आणलंच, तर एसए१४१३ त्याच दिवशी बंद करा.

कडकपणाची पातळी निवडताना बऱ्याच टीम ‘सजेशन’ ठेवतात. एडिटरमध्ये तीन टिंबं दिसतात, सगळं ठीक वाटतं. पण सजेशन पातळीची गोष्ट कमांड लाइनच्या बिल्डमध्ये दिसत नाही, आणि ‘डॉटनेट फॉरमॅट’ ही कमांड मुळात वॉर्निंग आणि त्यावरच्याच गोष्टी दुरुस्त करते. मग ‘कमांड चालवली, काहीच झालं नाही’ अशी तक्रार येते. एकतर नियम वॉर्निंगवर न्या, नाहीतर कमांडला ‘--सेव्हेरिटी इन्फो’ जोडा. फक्त कॉमा दुरुस्त करायचे असतील तर पूर्ण कमांड अशी: डॉटनेट फॉरमॅट ॲनालायझर्स --डायग्नॉस्टिक्स एसए१४१३. डॉटनेट ६ पासून ही सोय एसडीकेतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फाइल हा आणखी एक त्रास. एंटिटी फ्रेमवर्क हे डॉटनेटचं डेटाबेसचं साधन टेबल तयार करताना कॉलमची यादी अनामिक ऑब्जेक्टमध्ये अनेक ओळींत लिहितं आणि शेवटी कॉमा घालत नाही. त्याच्या डिझायनर फाइलवर ‘ऑटो-जनरेटेड’चा शिक्का असतो, म्हणून ॲनालायझर ती सोडून देतो. मुख्य मायग्रेशन फाइलवर तो शिक्का नसतो. त्यामुळे नवं मायग्रेशन आलं की त्यासोबत कॉमाच्या वॉर्निंगही येतात. एडिटरकॉन्फिगमध्ये मायग्रेशन फोल्डरसाठी वेगळा विभाग करून ‘जनरेटेड_कोड = ट्रू’ लिहिलं की हे थांबतं. हाताने कॉमा घालत बसण्यात अर्थ नाही.

एसए१४१३ मध्ये आम्हाला खरोखर न आवडणारी गोष्ट एकच. इनिशियलायझर एकापेक्षा जास्त ओळींवर पसरला आहे का, एवढंच तो पाहतो. शेवटचा घटक आणि बंद होणारा महिरपी कंस एकाच ओळीवर असले तरी कॉमा मागतो. एकाच घटकाची यादी असेल आणि तो घटक आतून चार ओळींचा असेल, तर शेवटी ‘कंस, कॉमा, कंस’ अशी विचित्र ओळ तयार होते. ईएसलिंट या बाबतीत शहाणा आहे: शेवटचा घटक आणि बंद होणारा कंस वेगवेगळ्या ओळींवर असतील तेव्हाच तो कॉमा मागतो. स्टाइलकॉप वापरणाऱ्यांनी बंद होणारा कंस नेहमी स्वतंत्र ओळीवर ठेवायची सवय लावली की हा प्रश्न उरत नाही.

सीआयमध्ये (बदल आला की सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि चाचण्यांत) बिल्डला ‘-वॉर्नॲझएरर:एसए१४१३’ द्या आणि सोबत ‘--नो-इन्क्रिमेंटल’ जोडा. दुसरा भाग विसरला आणि सीआय जुनी बिल्ड जपून ठेवत असेल, तर न बदललेला प्रोजेक्ट पुन्हा कंपाइलच होत नाही आणि वॉर्निंगही येत नाही. डेव्हलपरच्या मशिनवर मात्र कॉमासाठी बिल्ड तोडू नका. माणूस अर्धा एनम लिहून प्रोग्राम चालवून पाहत असताना कॉमासाठी अडवणं हा जाच आहे, आणि जाच झाला की लोक नियम बंद करायची वाट शोधतात.

जेसनबद्दल एक सूचना इथेच. डॉटनेटमधली ‘ॲपसेटिंग्ज’ फाइल वाचणारा कोड ट्रेलिंग कॉमा आणि टिप्पण्या दोन्ही चालवून घेतो. पण ‘सिस्टिम.टेक्स्ट.जेसन’ मुळात ट्रेलिंग कॉमा नाकारतं, ‘अलाउ ट्रेलिंग कॉमाज’ चालू केल्याशिवाय. सी-शार्पमध्ये कॉमाची सवय लागलेला हात जेसनमध्येही कॉमा घालतो, सेटिंगच्या फाइलमध्ये तो खपतो आणि तीच फाइल दुसऱ्या कोडने वाचली की अपवाद फेकला जातो. जेसनमध्ये शेवटचा कॉमा कुठेच नको.

प्रिटिअर आणि ईएसलिंट

इथे निर्णय सोपा आहे. प्रिटिअर वापरत असाल तर कॉमा त्याच्याकडे द्या. ओळ कुठे मोडायची हे तोच ठरवतो, मुळात ८० अक्षरांवर, आणि ओळ मोडली की कॉमाही तोच घालतो. दोन्ही निर्णय एका हातात असल्यामुळे वाद संभवत नाही. चारही साधनांत हेच आम्हाला सर्वांत निश्चिंत वाटतं.

‘ट्रेलिंगकॉमा’ या पर्यायाला तीन किमती आहेत: ‘नन’, ‘ईएस५’ आणि ‘ऑल’. ‘ईएस५’ ऑब्जेक्ट आणि ॲरेपुरता कॉमा घालतो, ‘ऑल’ फंक्शनच्या पॅरामीटर आणि आर्ग्युमेंटनंतरही घालतो. मुळातली, म्हणजे काही न लिहिल्यास धरली जाणारी, किंमत दोनदा बदलली आहे. आवृत्ती २ आली तेव्हा, २०२० मध्ये, ‘नन’ची ‘ईएस५’ झाली आणि २०२३ मध्ये आवृत्ती ३ सोबत ‘ऑल’ झाली. कॉन्फिगमध्ये काहीच न लिहिता आवृत्ती वाढवली तर शेकडो फाइलमध्ये कॉमा उगवतात. किंमत स्वतः लिहून ठेवा आणि प्रिटिअर बसवताना ‘--सेव्ह-एक्झॅक्ट’ द्या.

‘ऑल’ घेण्याआधी कोड कुठे चालतो ते पाहा. फंक्शन कॉलमधला शेवटचा कॉमा भाषेत २०१७ च्या ईसीएमएस्क्रिप्टपासून आला. बिल्डमध्ये जुन्या ब्राउझरसाठी रूपांतर होत असेल तर काळजी नाही. पण वजनकाट्याच्या केबिनमधल्या जुन्या विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये थेट स्क्रिप्ट उघडत असेल, तर असा एक कॉमा पूर्ण फाइल नापास करतो. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना स्क्रीन कोरी दिसणं कुणालाच परवडत नाही. अशा फोल्डरसाठी प्रिटिअरच्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये ‘ईएस५’ ठेवा.

प्रिटिअरसोबत ईएसलिंट असेल तर ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटिअर’ जोडा आणि कॉन्फिगच्या यादीत ते सर्वांत शेवटी ठेवा. त्याचं काम प्रिटिअरच्या आड येणारे ईएसलिंटचे नियम बंद करणं, आणि त्यात ‘कॉमा-डँगल’ येतो. वर सांगितलेला ‘नो-अनएक्स्पेक्टेड-मल्टिलाइन’ही त्यात बंद होतो, म्हणून तेवढा एक नियम त्यानंतर स्वतः चालू करा. ते मधे कुठेतरी असेल तर त्याच्यानंतरचा संच ‘कॉमा-डँगल’ पुन्हा चालू करतो. लक्षण ठरलेलं: फाइल सेव्ह केली की कॉमा येतो, लाल रेघ उमटते, लिंटची दुरुस्ती चालवली की कॉमा जातो.

प्रिटिअर नकोच असेल तर ‘कॉमा-डँगल’ एकटाही चांगलं काम करतो. पण त्याची मुळातली किंमत ‘नेव्हर’ आहे. नियमाला नुसतं ‘एरर’ लिहून ‘--फिक्स’ चालवलं तर रेपोतले सगळे ट्रेलिंग कॉमा पुसले जातात. ‘ऑल्वेज-मल्टिलाइन’ हे शब्द लिहायलाच हवेत. ‘ओन्ली-मल्टिलाइन’ नावाने सारखा वाटतो, पण तो कॉमाला परवानगी देतो, सक्ती करत नाही. शिस्त लावायला त्याचा उपयोग नाही. शिवाय ईएसलिंटने ८.५३ पासून मांडणीचे नियम निवृत्त केले आणि त्यांचा सांभाळ ‘स्टायलिस्टिक’ या वेगळ्या प्लगइनकडे गेला. नव्या प्रोजेक्टमध्ये तिथलाच नियम घ्या. टाइपस्क्रिप्टचे एनम, जेनेरिक आणि टपलही त्याला कळतात.

रफ

रफचा वेग आणि एका साधनात लिंटर (चुका दाखवणारा भाग) आणि फॉरमॅटर दोन्ही असणं हे त्याचं बळ, आणि गोंधळाचं कारणही तेच. कॉमासाठी त्यात तीन लिंट नियम आहेत: कॉम८१२ हरवलेला कॉमा दाखवतो, कॉम८१९ नको तिथला, आणि कॉम८१८ कंसाविना टपल (न बदलता येणारी यादी) तयार करणारा कॉमा. ‘कॉम’ हा पूर्ण गट निवडून सोबत ‘रफ फॉरमॅट’ चालवलं, की रफ स्वतःच इशारा देतं की हे दोन्ही एकमेकांच्या आड येऊ शकतात. तो इशारा गंभीरपणे घ्या. फॉरमॅटर वापरत असाल तर ८१२ आणि ८१९ बंद करा. ओळ मोडताना फॉरमॅटर कॉमा घालतोच.

८१८ मात्र चालू ठेवाच. ‘दर = ३२००,’ अशी ओळ दुसरीकडून कॉपी करताना कॉमासह आली, तर दर हा आकडा राहत नाही, एका घटकाचं टपल होतं. त्याला १२ टनांनी गुणलं तर एरर येत नाही, बारा घटकांचं टपल मिळतं. इथे आपोआप दुरुस्ती नाही, आणि ते योग्यच आहे, कारण लिहिणाऱ्याला टपल हवं होतं की नाही हे साधनाला कळू शकत नाही.

ब्लॅक या पायथॉनच्या दुसऱ्या फॉरमॅटरमधून रफमध्ये आलेलं एक वागणं समजून घ्यायला हवं. यादीच्या शेवटी कॉमा असेल तर ती ८८ अक्षरांत बसत असली तरी फॉरमॅटर ती एका घटकाला एक ओळ अशी उभीच ठेवतो. म्हणजे कॉमा घालून तुम्ही ‘ही यादी मोडून ठेव’ असं सांगता. तालुक्यांच्या किंवा ग्रेडच्या यादीसाठी हे फार उपयोगी आहे, दोन आर्ग्युमेंटच्या कॉलसाठी त्रासदायक. म्हणून पूर्ण रेपोत ‘स्किप-मॅजिक-ट्रेलिंग-कॉमा’ चालू करण्यापेक्षा नको तिथला कॉमा हाताने काढा, फॉरमॅटर ओळ परत गोळा करतो. ती सेटिंग चालू केलीच, तर इम्पोर्टच्या विभागातली ‘स्प्लिट-ऑन-ट्रेलिंग-कॉमा’ बंद करावी लागते, नाहीतर पुन्हा दोन मालक.

वर सांगितलेली ‘चंदगडइचलकरंजी’ची चूक पकडायला कॉमाचे नियम पुरत नाहीत. त्यासाठी आयएससी हा स्ट्रिंग जोडण्याबद्दलच्या नियमांचा गट निवडा आणि त्याच्या विभागात ‘अलाउ-मल्टिलाइन = फॉल्स’ लिहा. मग कंसात दोन ओळींवर विनाकॉमा आलेल्या स्ट्रिंग आयएससी००२ दाखवतो. मोठे संदेश मुद्दाम तसे जोडणाऱ्यांना हा नियम टोचेल, तरी मास्टर याद्या पायथॉनमध्ये ठेवणाऱ्यांनी तो सोसावा असं आमचं ठाम मत आहे.

चालवण्याचा क्रम: आधी ‘रफ चेक --फिक्स’, मग ‘रफ फॉरमॅट’. सीआयमध्ये ‘रफ फॉरमॅट --चेक’.

पीएचपी-सीएस-फिक्सर, आणि बाकीचे थोडक्यात

नियमाचं नाव ‘ट्रेलिंग_कॉमा_इन_मल्टिलाइन’. मुळात तो फक्त ॲरेला लागतो. ‘एलिमेंट्स’मध्ये ‘आर्ग्युमेंट्स’, ‘पॅरामीटर्स’ आणि ‘मॅच’ वाढवता येतात. पण आर्ग्युमेंटनंतरचा कॉमा पीएचपी ७.३ पासून चालतो आणि पॅरामीटरनंतरचा ८.० पासून. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ८.३ आणि स्वस्त होस्टिंगवर ७.४ अशी स्थिती सर्रास असते. लॅपटॉपवर सगळं चालतं, साइटवर पांढरं पान येतं. सर्व्हरवरची आवृत्ती पाहूनच ‘पॅरामीटर्स’ चालू करा. एका ओळीतले कॉमा काढायला ‘नो_ट्रेलिंग_कॉमा_इन_सिंगललाइन’ हा जोडीदार नियम आहे, दोन्ही एकत्र लावा.

गो वापरणाऱ्यांना काही ठरवायचंच नाही. बंद होणारा कंस नव्या ओळीवर असेल तर शेवटचा कॉमा भाषाच सक्तीने मागते. फ्लटरवाल्यांनी (डार्ट भाषेत ॲप लिहिणाऱ्यांनी) मात्र लक्ष द्यावं: डार्ट ३.७ पासूनचा नवा फॉरमॅटर कॉमा स्वतः घालतो-काढतो, म्हणून ‘रिक्वायर_ट्रेलिंग_कॉमाज’ हा लिंट नियम आता काढून टाकावा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल सिलेक्टच्या यादीतला शेवटचा कॉमा स्वीकारत नाहीत. कोडमध्ये क्वेरी लिहिताना ही सवय तिथे नेऊ नका.

जुन्या रेपोवर नियम कसा बसवावा

वेळ निवडा. साखर कारखान्याचं काम असेल तर गाळप सुरू झाल्यावर हे काढू नये, पावसाळ्यात उरकावं. आधी उघड्या पुल रिक्वेस्ट शक्य तेवढ्या मर्ज करून घ्या. मग स्वतंत्र ब्रँचवर दोन कमिट (बदलांच्या नोंदी) करा: पहिल्यात फक्त कॉन्फिगच्या फाइल, दुसऱ्यात फक्त साधनाने घातलेले कॉमा. दुसऱ्या कमिटमध्ये हाताचा एकही बदल नको, नाव बदलणं नाही, मोकळी ओळ काढणंही नाही. प्रिटिअर किंवा रफ पहिल्यांदाच येत असेल तर कॉमाबरोबर बाकीची मांडणीही बदलणार, ते चालेल, पण बदल साधनाचाच हवा. बिल्ड आणि सगळ्या चाचण्या चालवा, आणि सीआयमधली सक्ती या मर्जनंतरच चालू करा. आधी चालू केली तर दुसऱ्यांच्या ब्रँच विनाकारण अडतात.

ज्यांच्या ब्रँच मागे राहिल्या आहेत त्यांनी मुख्य ब्रँच ओढून घेण्याआधी आपल्या ब्रँचवर तेच साधन, त्याच आवृत्तीने, त्याच कॉन्फिगने चालवून कमिट करावं. दोन्ही बाजूंना कॉमा सारखेच पडल्यामुळे बहुतेक कॉन्फ्लिक्ट उद्भवतच नाहीत.

शेवटी ब्लेमचा बंदोबस्त. रेपोच्या मुळाशी ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाची फाइल करून तिच्यात कॉमाच्या कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) लिहा. गिट २.२३ पासून ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ ही सेटिंग आहे, ती प्रत्येकाने आपल्या मशिनवर एकदा करायची. गिटहब या नावाची फाइल आपोआप वाचतं. पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (तिच्यातल्या सगळ्या कमिट एकात गोळा करून) मर्ज करत असाल तर दोन सूचना. एक, कॉन्फिग आणि कॉमा यांच्या पुल रिक्वेस्ट वेगळ्या करा, नाहीतर दोन्ही कमिट एकात विरघळतात. दोन, स्क्वॉशमध्ये नवा हॅश तयार होतो, त्यामुळे ब्रँचवरचा हॅश लिहिला तर तो मुख्य ब्रँचमध्ये सापडतच नाही. आधी मर्ज करा, मग मुख्य ब्रँचवरून हॅश उचला आणि तो पुढच्या छोट्या कमिटमध्ये नोंदवा.